निळूभाऊंचा आवाज सगळे काढतात, त्यांचं थांबणं कुणी बघतच नाही

नमस्कार मंडळी!

गेला महिनाभर एकच मागणी येतेय: "ताई, निळू फुलेंवर एक व्हिडिओ होऊन जाऊ द्या." आणि त्याच्याच खाली दुसरी, "ते 'बाई, वाड्यावर या' करून दाखवा ना!" व्हिडिओ करतेय. नक्कल करणार नाही. का, ते ऐका.

आधी भराभर ओळख, कारण ही माहिती तुम्हाला कुठेही मिळेल. निळकंठ कृष्णाजी फुले, मुक्काम पुणे. आर्म्ड फोर्सेस मेडिकल कॉलेजच्या बागेत माळीकाम. राष्ट्र सेवा दल, तिथलं कलापथक, मग 'कथा अकलेच्या कांद्याची' हे लोकनाट्य, आणि १९६८ मध्ये अनंत माने यांच्या 'एक गाव बारा भानगडी'मधून सिनेमात. तिथून पुढे पाटील, सरपंच, सावकार, साखरसम्राट. १९९१ साली संगीत नाटक अकादमी पुरस्कार. १३ जुलै २००९ ला गेले. झालं.

आता मुद्द्यावर येऊ. नक्कल करणारा काय करतो? मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले, आवाज घोगरा आणि शब्द ताणलेले. हे सगळं निळूभाऊंकडे होतं, कबूल. पण त्यांची भीती आवाजात नव्हती, थांबण्यात होती. समोरच्यानं काहीतरी विचारलंय, उत्तर द्यायचंय, आणि हा माणूस घाई करत नाही. त्या दोन क्षणांत आपलं पोट गोळा होतं.

'सामना' हा सिनेमा घ्या. दिग्दर्शन जब्बार पटेल, लेखन विजय तेंडुलकर. निळूभाऊंचा हिंदुराव धोंडे पाटील हा सहकारातला बडा माणूस. कारखाना त्याचा, गाव त्याचं. समोर डॉ. श्रीराम लागूंचा मास्तर, दारूत बुडालेला, आणि तो गावातून नाहीशा झालेल्या माणसाबद्दल विचारत राहतो, "मारुती कांबळेचं काय झालं?" हिंदुराव या मास्तराचा पाहुणचार करतो, त्याला सोबत घेऊन फिरवतो. हा माणूस गुरगुरत नाही, अदबीनं बोलतो. आणि तो प्रश्न आला की त्याचा चेहरा बघा. आधी नजर हलते, मग ओठ, शब्द सगळ्यांत शेवटी. मी तेवढा भाग किती वेळा मागे नेऊन पाहिलाय, मोजलेलं नाही.

यावर मला तळमळून बोलायचंय, कारण माझ्यावर गुदरलंय. कॉलेजात एका एकांकिकेत मी सावकारीण होते. दिग्दर्शक रोज सांगायचे, आवाज चढव, डोळे वटार, खलनायिका आहेस तू! पंधरा दिवसांत घसा बसला. प्रयोगात पहिल्या ओरडण्याला प्रेक्षक दचकले. दुसऱ्याला कमी. तिसऱ्यानंतर मागच्या रांगेत गप्पा सुरू झाल्या. ओरडण्याची माणसाला सवय होते, मंडळी. थांबण्याची होत नाही, कारण पुढे काय येणार ते कळत नाही.

हे थांबणं आलं कुठून? माझं मत सांगते: वगातून, म्हणजे तमाशातल्या कथानाट्यातून. लोकनाट्यातल्या सोंगाड्याला, म्हणजे विनोदी नटाला, बतावणीत, म्हणजे विनोदी सवाल-जवाबात, हशा येईपर्यंत थांबावं लागतं. अर्धा क्षण आधी बोललात तर तुमचं वाक्य हशात बुडतं, अर्धा क्षण उशिरा बोललात तर प्रयोग पडतो. शेकडो प्रयोग करून जो हशासाठी थांबायला शिकला, तोच पुढे भीतीसाठी थांबला. कसब तेच.

एका दादांनी लिहिलंय, "ते फक्त गावरान भूमिका करायचे." अहो दादा! १९७२ मध्ये कमलाकर सारंगांनी 'सखाराम बाइंडर' बसवलं, त्यातला सखाराम निळूभाऊंचा. ते नाटक सेन्सॉरमध्ये अडकलं, सारंगांना हायकोर्टात जावं लागलं. छापखान्यात काम करणारा, नवऱ्यानं टाकलेल्या बायका घरी आणून ठेवणारा माणूस. शिवराळ, आडदांड, आणि एकटा मृदंग वाजवत बसणारा. रंगमंचावर कॅमेरा जवळ येत नाही, शेवटच्या रांगेपर्यंत पोचायचं असतं. तरी त्या माणसाचं एकटेपण पोचवायचं, तर शिव्यांच्या मधल्या जागाच कामी येणार.

अजून पटत नसेल तर १९७९ चा 'सिंहासन' बघा. यात पाटीलकी नाही, वाडा नाही. निळूभाऊ म्हणजे दिगू टिपणीस, पत्रकार. मुख्यमंत्री अरुण सरनाईक, अर्थमंत्री लागू, सगळे डाव टाकतायत, आणि दिगू ऐकतोय. ऐकणारा माणूस पडद्यावर धरून ठेवणं हे सगळ्यांत अवघड काम. आणि शेवटी त्याचं ते हसणं! सिनेमाभर साठवलेलं बाहेर येतं. हिंदुरावाची नक्कल करणाऱ्यानं एकदा दिगूची करून दाखवावी. धरायला काही सापडणारच नाही.

हिंदीतही १९८४ च्या 'सारांश'मधला गजानन चित्रे त्यांचाच, पण त्यावर वेगळं बोलू.

माझी आजी. शनिवारी संध्याकाळी दूरदर्शनवर मराठी सिनेमा लागायचा. निळूभाऊ दिसले की ती पदर सावरायची आणि "मेल्या, तुझं वाटोळं होईल" म्हणत निवडायचं ताट घेऊन आत जायची. खरंच जायची. ते गेले तेव्हा मी तिला पेपर वाचून दाखवला. सेवा दल, अंधश्रद्धा निर्मूलनाचं काम, लागूंबरोबर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी केलेले 'लग्नाची बेडी'चे प्रयोग. तिनं फोटो जवळ धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाली, "आपल्यातलाच होता की गं. आणि मी काय काय बोलले त्याला."

तर आज रात्री एक करा. 'सामना' लावा आणि हिंदुराव-मास्तर समोरासमोर आले की आवाज पूर्ण बंद करा. फक्त हिंदुरावाकडे बघा, मास्तर बोलत असताना. काय दिसलं ते खाली लिहा, मी एकेक वाचणार आहे.