लाल मग पाण्यात हिरवा का होत नाही?

श्रोतेहो, नमस्कार.

आकाशवाणीचं पुणे केंद्र मध्यम लहरींवर 792 किलोहर्ट्झला, म्हणजेच सुमारे 379 मीटरला लागतं. उद्घोषणेत हे दोन आकडे जोडीनं यायचे. लहर सेकंदाला 7 लाख 92 हजार वेळा थरथरते, आणि एका थरथरीत 379 मीटर पुढे सरकते. पहिली वारंवारता, दुसरी तरंगलांबी. दोन्हींचा गुणाकार करा, प्रकाशाचा वेग मिळतो, सेकंदाला सुमारे 3 लाख किलोमीटर. त्यामुळे एक वाढली की दुसरी घटणारच.

उजेड याच कुळातला, फक्त फारच बारीक. गडद तांबड्या प्रकाशाच्या चौदाएकशे लहरी एका मिलिमीटरात मावतात. तरंगलांबी 700 नॅनोमीटर, आणि थरथर सेकंदाला 430 लाख कोटी वेळा! शाळेतलं 'तानापिहिनिपाजा' म्हणत जांभळ्यापाशी पोचलात की लांबी 400 वर उतरते, वारंवारता 750 लाख कोटींवर चढते.

मग रंग ठरतो कशावरून, लांबीवरून की वारंवारतेवरून? लाल मग बादलीत बुडवून बघा. पाण्यात प्रकाशाचा वेग पाऊणपट होतो, लहर आखडते, 700 ची सव्वापाचशे होते. हवेत एवढ्या लांबीचा प्रकाश हिरवा दिसतो. पण बादलीतला मग लालच दिसतो! कारण पाण्यात शिरताना वारंवारता बदलत नाही. आणि तसंही, डोळ्याच्या आत ओलच आहे. लहर कुठूनही आली तरी पडद्यावर पडण्याआधी तिथे आखडतेच.

आमटी उतू जाऊन बर्नरवर सांडली की निळी ज्योत भसकन पिवळी होते, ती मिठातल्या सोडियममुळे. तो पिवळा खराखुरा, 589 नॅनोमीटरचा. टीव्हीवरच्या हळदीचा पिवळा मात्र तसा नाही. पडद्यावर पाण्याचा एक थेंब ठेवून त्यातून बघा: लाल आणि हिरवे ठिपके दिसतील, पिवळा एकही नाही. डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी तीनच प्रकारच्या. लाल-हिरवा एकदम आला की त्या पिवळ्यासारखाच निरोप मेंदूला धाडतात.

आणि लग्नातल्या शालूचा तो झगझगीत राणी रंग? त्याची अशी एक तरंगलांबीच नाही. तांबडा आणि निळा-जांभळा एकत्र डोळ्यात शिरले, मधला हिरवा गैरहजर असला, की मेंदू राणी रंग दाखवतो. इंद्रधनुष्यात तो शोधू नका, सापडायचा नाही.