सतराव्या जागेची लढाई

नमस्कार श्रोतेहो. येत्या शुक्रवारी, १५ ऑगस्ट २०२५ ला, इंग्लंडमध्ये फुटबॉलच्या प्रीमियर लीगचा २०२५-२६ चा हंगाम सुरू होतोय. आपल्या घड्याळाप्रमाणं रात्री साडेबाराला लिव्हरपूल आणि बोर्नमथ मैदानात उतरतील. आपल्या सोलापूरच्या नव्या पेठेत आर्सेनल आणि मँचेस्टर युनायटेडचे टी-शर्ट घालून हिंडणारी पोरं ती रात्र जागून काढणार आणि सकाळी आईच्या शिव्या खाणार, हे ठरलेलंच आहे. पण मला आज बड्या क्लबांबद्दल बोलायचं नाही. खालच्या श्रेणीतून यंदा तीन संघ वर आलेत. लीड्स, बर्नली आणि संडरलँड. यातलं कोण टिकेल आणि कोण वर्षभरात माघारी जाईल, तेवढंच बोलू.

सोलापूर हे क्रिकेटचं गाव, म्हणून नियम आधी सांगतो. प्रीमियर लीगमध्ये वीस संघ आणि प्रत्येकाचे अडतीस सामने. मे महिन्यात जे शेवटचे तीन असतील ते थेट दुसऱ्या श्रेणीत जातात. तिला तिकडं चॅम्पियनशिप म्हणतात. तिथले पहिले दोन संघ आपोआप वर येतात, आणि तिसरा ते सहावा असे चार संघ आपसात प्ले-ऑफ खेळतात, त्यातला एक वर येतो. म्हणजे वर आलेल्या संघाला विजेतेपदाची काळजी नसते. सतराव्या नंबरावर राहिलं तरी गुढी उभारायची.

रणजी बघणाऱ्यांना हे नवं नाही. मेघालय प्लेट गटातून वर एलिट गटात आला, आणि २०२५ च्या सुरुवातीला मुंबईपुढं उभा राहिला. धावफलकावर दोन धावा आणि सहा गडी बाद! मुंबईनं तो सामना एक डाव आणि ४५६ धावांनी जिंकला, आणि मेघालय पुन्हा प्लेट गटात गेला. फुटबॉलमध्ये असंच होतं, फक्त ते रोज थोडं थोडं, नऊ महिने चालतं.

गेल्या दोन वर्षांचा हिशोब बघा. २०२३-२४ मध्ये बर्नली, शेफील्ड युनायटेड आणि लूटन वर आले. तिघंही खाली गेले. शेफील्डनं अडतीस सामन्यांत १०४ गोल खाल्ले. पुढच्या वर्षी लेस्टर, इप्सविच आणि साउथॅम्प्टन आले. तेही तिघं खाली. साउथॅम्प्टनचं तर सात सामने शिल्लक असतानाच, एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, निश्चित झालं. प्रीमियर लीगच्या इतिहासात इतक्या लवकर कुणाचा निकाल लागला नव्हता. त्यांचे एकूण गुण बारा. या तिघांची बेरीज केली तर ५९ होते, आणि विजेत्या लिव्हरपूलचे एकट्याचे ८४ होते.

आलेले तिन्ही संघ एकदमच परत जाणं, हे त्याआधी प्रीमियर लीगमध्ये फक्त एकदा घडलं होतं, १९९७-९८ साली. आता सलग दोनदा घडलं. त्यामुळं वर आलेल्यांनी वर्षभर पाहुणचार घ्यावा आणि मुकाट्यानं परतावं, असं लिहिणारे बरेच झालेत. मला ते पटत नाही. का ते सांगतो.

पहिलं कारण साधं आहे. तिकडं चाळीस गुणांचं एक जुनं गणित आहे: चाळीस गुण झाले की वाचलात. एकदा, २००२-०३ मध्ये, वेस्ट हॅम ४२ गुण घेऊनही खाली गेला होता, तरी ते गणित सगळ्यांच्या डोक्यात पक्कं बसलंय. पण मागच्या हंगामात अठराव्या लेस्टरचे गुण होते २५. म्हणजे २६ गुण मिळवणारा संघ वाचला असता. त्याच्या आदल्या वर्षी अठराव्या लूटनचे २६. अडतीस सामन्यांत सात-आठ विजय आणि थोड्या बरोबऱ्या, एवढंच पुरत होतं. भिंत वाटते तेवढी उंच नाही. तिच्यापर्यंत पोचायलाच हे संघ कमी पडले.

कमी का पडले, तर पैसा. प्रीमियर लीगमध्ये शेवटच्या नंबरावर आलेल्या क्लबलाही टीव्हीच्या पैशातून वर्षाला दहा कोटी पौंडांहून जास्त मिळतात. आपल्या रुपयांत हजार कोटींच्या पुढं. वर्षानुवर्षं तिथं बसलेले सतरा क्लब दर वर्षी हा पैसा खात आलेत, आणि नवा पाहुणा त्यांच्या ताटाला ताट लावून एका उन्हाळ्यात बसायला बघतो. शिवाय यंदा, २०२५-२६ मध्ये, तोट्याच्या मर्यादेचा नियम आहे. तीन वर्षांत साडेदहा कोटी पौंडांपर्यंत तोटा चालतो, पण त्यातली दोन वर्षं चॅम्पियनशिपमध्ये काढली असतील तर ती मर्यादा सहा कोटी दहा लाखांवर येते. ज्याला जास्त खर्चाची गरज त्यालाच कमी मुभा, असा तो न्याय.

पण श्रोतेहो, नुसता पैसा म्हणून विषय संपत नाही. इप्सविचनं २०२४ च्या उन्हाळ्यात भरपूर खर्च केला होता. मग ते बावीस गुणांवर का अडकले? त्यांनी घेतलेले बरेचसे खेळाडू चॅम्पियनशिपमध्येच चमकलेले होते. म्हणजे खालच्या श्रेणीचा एक उत्तम संघ त्यांनी आणखी उत्तम केला, पण तो राहिला खालच्या श्रेणीचाच. माझ्या मते सगळी गोम इथं आहे. ज्या संघानं बढती मिळवून दिली, तो संघ मोडायची छाती क्लबकडं आहे का?

हे ऐकायला वाईट लागतं. वरात खांद्यावर नाचवत आणणाऱ्यांनाच पंगतीत पान नाही, असा हा प्रकार. पण नॉटिंगहॅम फॉरेस्टनं नेमकं तेच केलं. तेवीस वर्षांनी, २०२२ मध्ये, ते वर आले. प्ले-ऑफच्या उपांत्य सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये तीन फटके अडवणारा त्यांचा गोलरक्षक ब्रीस सांबा त्याच उन्हाळ्यात फ्रान्सला लाँसकडं गेला. उसने आणलेले चांगले खेळाडू आपापल्या क्लबला परतले. फॉरेस्टनं त्या उन्हाळ्यात वीसहून जास्त नवे खेळाडू घेतले. ड्रेसिंग रूममध्ये एकमेकांची नावं तरी ठाऊक आहेत का, म्हणून सगळ्या इंग्लंडनं त्यांची टिंगल केली. ते सोळावे आले. पुढच्या वर्षी तोट्याची मर्यादा ओलांडली म्हणून चार गुण कापले गेले, तरी सतरावे आले. आणि २०२४-२५ मध्ये सातवे येऊन युरोपात खेळायला पात्र ठरले.

लूटनची गोष्ट याच्या उलट. २००९ साली हा क्लब पार पाचव्या श्रेणीत गेला होता. तिथून चढत चढत २०२३ मध्ये तो प्रीमियर लीगमध्ये आला. त्यांच्या केनिलवर्थ रोड मैदानाचं एक प्रवेशद्वार राहत्या घरांच्या रांगेतून जातं. लोकांच्या परसातले वाळत घातलेले कपडे बघत तुम्ही फुटबॉलला जाता. त्यांच्या संघात पेली रडक एमपांझू नावाचा खेळाडू होता. पाचव्या श्रेणीपासून पहिल्या श्रेणीपर्यंत एकाच क्लबकडून खेळत आलेला तो पहिलाच. माझं मन त्या वर्षी लूटनकडंच होतं. ते खाली गेले, आणि त्याच्या पुढच्या वर्षी आणखी एक पायरी खाली. (आपल्याकडं कोलकात्याचं मोहम्मेडन स्पोर्टिंग, १८९१ सालचा क्लब, आय-लीग ही खालची लीग जिंकून आयएसएल या देशातल्या अव्वल फुटबॉल लीगमध्ये आला आणि २०२४-२५ मध्ये चोवीस सामन्यांत दोन जिंकून शेवटी राहिला. आयएसएलमध्ये खाली जाण्याची तरतूद नव्हती म्हणून निभावलं.)

आता यंदाचे तिघं. आधी बर्नली. चॅम्पियनशिपच्या ४६ सामन्यांत त्यांनी फक्त सोळा गोल खाल्ले. सोळा! कुठल्याही श्रेणीत हा आकडा अचाट आहे. पण तो राखणारा गोलरक्षक जेम्स ट्रॅफर्ड गेल्याच महिन्यात मँचेस्टर सिटीनं उचलला. प्रशिक्षक स्कॉट पार्कर यांनी याआधी फुलहॅमला वर नेलं, ते वर्षभरात खाली आले. मग बोर्नमथला वर नेलं, तिथं लिव्हरपूलकडून ०-९ असा मार खाल्ल्यावर त्यांची नोकरी गेली. बचाव भक्कम, पण गोल कोण करणार? २०२३ मध्ये वर, २०२४ मध्ये खाली, २०२५ मध्ये पुन्हा वर, असा या क्लबचा झोका चाललाय. खाली जाणाऱ्यांना प्रीमियर लीग काही वर्षं मदतीचे पैसे देते, त्यावर हा झोका चालतो. बर्नली टिकेल असं मला वाटत नाही.

लीड्सचे मागच्या हंगामात चॅम्पियनशिपमध्ये शंभर गुण होते, आणि पाठीराखे प्रचंड आहेत. यंदा त्यांनी उंचपुरे, धिप्पाड खेळाडू घेतलेत. कॉर्नर आणि फ्री किकवर गोल काढायचा आणि तिथं गोल खायचा नाही, असा तो विचार दिसतो, आणि तो शहाणपणाचा आहे. शंका प्रशिक्षक डॅनियल फार्क यांच्याबद्दल. नॉर्विचला त्यांनी दोनदा वर नेलं, पण प्रीमियर लीगमध्ये ४९ सामन्यांत सहा विजय. लीड्स काठावर राहील.

आणि संडरलँड. खरं सांगायचं तर या भाषणाचा विषय मी त्यांच्यासाठीच घेतला. कोळसा आणि जहाजं यांवर जगलेलं हे शहर, दोन्ही बंद पडली. त्यांचं स्टेडियम ऑफ लाइट उभं आहे ते जुन्या कोळसा खाणीच्या जागेवर. जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणाऱ्या शहरात या गावाबद्दल आणखी काही सांगायची गरज नाही. २०१७ मध्ये ते प्रीमियर लीगमधून पडले, २०१८ मध्ये आणखी एक श्रेणी खाली, आणि चार वर्षं तिसऱ्या श्रेणीत कुजले. मागच्या हंगामात ते चॅम्पियनशिपमध्ये चौथे होते, लीड्स-बर्नलीच्या चोवीस गुण मागं, आणि शेवटचे पाच साखळी सामने ओळीनं हरलेले. तरी २४ मे रोजी लंडनच्या वेम्बलीवर, प्ले-ऑफच्या अंतिम सामन्यात, ९५ व्या मिनिटाला, एकोणीस वर्षांच्या टॉम वॉटसननं गोल केला आणि ते वर आले.

हा वॉटसन यंदा संडरलँडकडं नाही. तो ब्रायटनला जाणार हे त्या गोलच्या आधीच ठरलं होतं. इंग्लंडचा खेळाडू ज्यूड बेलिंगहॅमचा धाकटा भाऊ जोब जर्मनीत डॉर्टमुंडला गेला. कागदावर तिघांत हा सगळ्यात दुबळा संघ. पण त्यांनी इप्सविचची वाट धरली नाही. ग्रानिट झाका आणला, सात वर्षं आर्सेनलला खेळलेला आणि लेव्हरकुसेनबरोबर एकही सामना न हरता जर्मन लीग जिंकलेला. बत्तीस वर्षांचा आहे, पाय जड झालेत म्हणणारे म्हणोत. मधल्या फळीत चेंडू कधी धरायचा आणि कधी सोडायचा हे पोरांना सांगणारा माणूस त्यांना हवा होता. हबीब दियारा, नोआ सादिकी, सिमोन अदिंग्रा, रेनिल्दो, नवा गोलरक्षक रोबिन रोफ्स... जवळजवळ नवा संघच.

एक धोका मात्र कुणी फारसा बोलत नाही. यातले बरेच जण आफ्रिकी देशांचे. २१ डिसेंबर ते १८ जानेवारी मोरोक्कोत आफ्रिका चषक आहे. सेनेगल, डीआर काँगो, आयव्हरी कोस्ट, मोझांबिक सगळे पात्र ठरलेत. आपल्याकडं सिद्धेश्वराची गड्डा यात्रा भरलेली असेल तेव्हा प्रशिक्षक रेजिस ल ब्री यांच्याकडं निम्मी फळी नसेल. म्हणून त्यांना गुण आधी जमवावे लागतील, नाताळच्या आत वीस तरी. तेवढे जमले तर माझा कौल संडरलँडला: सोळावा किंवा सतरावा नंबर.

त्यांचा पहिला सामना घरच्या मैदानावर, वेस्ट हॅमशी, शनिवारी १६ ऑगस्टला संध्याकाळी साडेसातला. त्या दिवशी गोपाळकाला आहे, चौकाचौकात हंड्या असणार, तेव्हा तो सामना चुकला तरी हरकत नाही. २३ तारखेचा चुकवू नका. संडरलँड बर्नलीच्या मैदानावर जातंय, आणि तिथं मिळणारे तीन गुण मे महिन्यात दोघांनाही आठवणार आहेत.