चिमणी आणि चारशे दिवे

(चंद्रपूर. पहाट. खुली कोळसा खाण.)

पहिली पाळी लागली आहे. शॉवेलचा एक घास डंपरमध्ये पडतो आणि काळी धूळ उठते. हा कोळसा पट्ट्यावरून सरकतो, क्रशरमध्ये फुटतो, पिठासारखा दळला जातो आणि बॉयलरमध्ये फुंकला जातो. पाण्याची वाफ होते, वाफेवर टर्बाइन फिरतं. चंद्रपूर महाऔष्णिक विद्युत केंद्र. क्षमता २९२० मेगावॅट.

(कूलिंग टॉवर. कॅमेरा सरकत उंच चिमणीवर.)

या रुंद टॉवरमधून निघते ती नुसती वाफ. धूर जातो त्या उंच चिमणीतून. आणि ज्याच्या मागावर आपण इथवर आलो, तो पृथ्वी तापवणारा कार्बन डायऑक्साइड कॅमेऱ्याला दिसतच नाही. १२ किलो कार्बन जळतो, हवेतला ३२ किलो ऑक्सिजन ओढून घेतो आणि ४४ किलो वायू होतो. कोळशावरच्या एका युनिट विजेमागे साधारण एक किलो वायू वर जातो. त्यातला बराचसा शेकडो वर्षं वरच राहतो. म्हणून यंदाचा धूर मोजून भागत नाही, जुनी बाकीही मोजावी लागते.

(जुनं छायाचित्र. न्यूयॉर्क, पर्ल स्ट्रीट.)

४ सप्टेंबर १८८२. एडिसनच्या वीजघरात कोळसा पेटला आणि चारशेच्या आसपास दिवे लागले. चंद्रपूरचा पहिला संच फिरायला त्यानंतर शंभर वर्षं गेली. मधल्या काळात पिट्सबर्गच्या पोलादभट्ट्या धगधगल्या, डेट्रॉइटच्या मोटारी रस्त्यावर आल्या. तो वायू आजही आपल्या डोक्यावर आहे.

औद्योगिक युग सुरू झाल्यापासून जगानं कोळसा, तेल आणि गॅस जाळून जेवढा कार्बन डायऑक्साइड सोडला, त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा. भारताचा साडेतीन टक्क्यांच्या आसपास. आणि माणसं? जगातली चार टक्के तिथं, सतरा-अठरा टक्के इथं.

फक्त चालू वर्ष धरलं, तर अमेरिका साधारण १३ टक्के, भारत ८. आपला आकडा वाढतोय, हेही खरं. पण माणशी पाहा: तिकडे वर्षाला १४ टनांच्या आसपास, इकडे दोन.

१९९२ साली ब्राझीलमध्ये, रिओच्या पर्यावरण परिषदेत देशांनी मान्य केलं होतं: हवामान सांभाळायची जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही. असे वायू कमी करण्याच्या १९९७ च्या क्योटो करारावर अमेरिकेनं सही केली. तिथल्या सिनेटची मंजुरी मात्र त्याला कधीच मिळाली नाही.

(केंद्राजवळची वस्ती. मे महिना, दुपार.)

पारा शेहेचाळीसच्या वर. उडून येणारी राखड आपल्याच कोळशाची. दोरीवरची चादर घडी घालण्याआधी दोनदा झटकावी लागते.