पित्ताची गोळी आणि जठरातला जंतू

श्रोतेहो, नमस्कार.

पित्ताची गोळी आपल्याकडे बहुतेक घरांत असते. सकाळी उपाशीपोटी एक घेतली की दिवस निभावतो. पण पोटाच्या वरच्या भागात सारखं दुखतं म्हणून डॉक्टरांनी जठरातल्या जंतूची तपासणी सांगितली असेल, तर हीच गोळी त्या तपासणीला चकवते.

या जंतूचं नाव हेलिकोबॅक्टर पायलोरी. जठरातल्या आम्लात जंतू तग धरूच शकत नाहीत, असा समज बरीच वर्षं होता. १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पर्थ इथे रॉबिन वॉरन यांना जठराच्या तुकड्यात सूक्ष्मदर्शकाखाली वळणदार जंतू दिसले. पुढे बॅरी मार्शल त्यांना येऊन मिळाले, पण प्रयोगशाळेत जंतू काही वाढेना. दोन दिवसांत काही उगवलं नाही की काचेची बशी टाकून द्यायची, अशी पद्धत होती. १९८२ मध्ये ईस्टरच्या सुट्टीत बशा जास्त दिवस तशाच राहिल्या आणि जंतू उगवला! तो मुळात सावकाश वाढणारा. १९८४ मध्ये मार्शल यांनी तो स्वतः पिऊन जठराला सूज येते हे दाखवलं. २००५ चं नोबेल दोघांना मिळालं.

आम्लात हा जंतू जगतो तो युरिएज नावाच्या विकरामुळे, म्हणजे एन्झाइममुळे. जठरातल्या युरियापासून तो अमोनिया आणि कार्बन डायऑक्साइड बनवतो, आणि अमोनिया भोवतालचं आम्ल मारतो. आपल्या दोन तपासण्या याच खोडीवर बेतल्या आहेत. श्वासाच्या तपासणीत आधी उपाशीपोटी एका पिशवीत फुंकर घेतात. मग खुणेचा कार्बन असलेला युरिया पाजतात आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा फुंकर घेतात. दुसऱ्या फुंकरीत तो खुणेचा कार्बन वाढलेला सापडला, तर जंतू आहे. दुसरीत दुर्बिणीतून काढलेला जठराचा तुकडा युरियाच्या पिवळ्या जेलमध्ये ठेवतात. जंतू असेल तर जेल गुलाबी-लाल होतं. शौचाचीही तपासणी होते आणि ती चांगली आहे.

आता गोळीचं. ओमेप्राझोल, पॅन्टोप्राझोल अशा गोळ्यांनी आम्ल घटलं की जंतूंची संख्या कमी होते आणि उरलेले जठराच्या खालच्या भागातून वर सरकतात. जंतू आत असतोच, पण रिपोर्ट ‘निगेटिव्ह’ येतो. म्हणून या गोळ्या तपासणीआधी दोन आठवडे, आणि प्रतिजैविकं व बिस्मथ हे पोटाचं औषध चार आठवडे बंद असायला हवीत. मात्र रक्त पातळ करणारं औषध किंवा अ‍ॅस्पिरिन चालू असेल, अल्सरमधून रक्त गेलेलं असेल, तर गोळी आपल्या मनाने बंद करू नका, डॉक्टरांना विचारा. आणि नुसत्या रक्ताच्या तपासणीवर विसंबू नका. जंतू गेल्यावरही त्याच्याविरुद्ध शरीराने बनवलेली प्रतिपिंडं रक्तात बराच काळ राहतात, त्यामुळे आत्ता संसर्ग आहे की जुना, हे त्यावरून कळत नाही.

उपचार सहसा चौदा दिवसांचा असतो: पित्ताची गोळी दिवसातून दोनदा, जेवणाआधी अर्धा तास, आणि सोबत दोन किंवा तीन औषधं. आपल्याकडे मेट्रोनिडाझोल आणि क्लॅरिथ्रोमायसिन या प्रतिजैविकांना हा जंतू बऱ्याच ठिकाणी दाद देत नाही. त्यामुळे आधी कोणती प्रतिजैविकं घेतली होती, अगदी दाताच्या किंवा छातीच्या दुखण्यासाठी का होईना, ते डॉक्टरांना सांगाच. पेनिसिलिनची अ‍ॅलर्जी असेल तर तीही सांगा. टेट्रासायक्लिन हे प्रतिजैविक दिलं असेल तर ते दुधाबरोबर घेऊ नका, दुधातलं कॅल्शियम त्याला अडवतं. मेट्रोनिडाझोलने तोंडाला धातूसारखी चव येते, आणि ते चालू असताना दारू अजिबात नको. बरेच जण कोर्सला कंटाळतात ते इथेच. सातव्या-आठव्या दिवशी दुखणं थांबतं आणि गोळ्या सुटतात. मग जे जंतू औषधाला पुरून उरले तेच पुढे वाढतात आणि दुसऱ्या खेपेला इलाज अवघड होतो.

कोर्स संपल्यावर किमान चार आठवड्यांनी श्वासाची किंवा शौचाची तपासणी पुन्हा करून घ्या, आणि तेव्हाही गोळीचा तोच दोन आठवड्यांचा नियम पाळा. दुखणं थांबलं एवढ्यावरून जंतू गेला असं ठरत नाही.

बिस्मथ चालू असताना शौचाला काळं होतं, त्याने घाबरू नका. पण काळं शौच डांबरासारखं चिकट आणि घाण वासाचं असेल, सोबत चक्कर येत असेल किंवा उलटीत रक्त दिसलं, तर ते रक्तस्रावाचं लक्षण आहे. तेव्हा तपासणीची तारीख बघत बसू नका, थेट रुग्णालय गाठा.