चूक सांगणारा माणूस

श्रोतेहो, नमस्कार. पैसा आला, नाव झालं की माणूस बदलतो, असं आपण नेहमी म्हणतो. पण बदलतं नेमकं काय?

गोव्यात फोंडा तालुक्यातल्या एका गावचा मुलगा. जत्रेच्या नाटकात लहानपणापासून गाणारा. तालमीला तबलजी मामांच्या शेजारी बसायचा. मामा गठ्ठ्यांवर हातोडी मारत तबला लावायचे आणि हा कान देऊन सूर धरायचा. वरचा षड्ज, म्हणजे वरचा सा, जरा उतरला की मामा ठेका थांबवायचे. "परत घे." हा परत घ्यायचा.

मग टीव्हीवरच्या स्पर्धेत तो चमकला. या स्पर्धांत परीक्षक प्रत्येक गाण्याला उभे राहून टाळ्या वाजवतात ना, त्यानं गाणाऱ्याचं नुकसानच होतं, असं माझं ठाम मत आहे. असो. पुढच्या जत्रेला तो आला तो गाडीतून उतरून थेट विंगेत. मामांकडे न बघताच म्हणाला, "तबला जरा चढवा." पूर्वी नाटक संपलं की जाजमाचं एक टोक मामा धरायचे, दुसरं हा. त्या रात्री हा फोटोंसाठी उभा, आणि मामा एकटेच जाजम गुंडाळतायत.

मला त्याहून जास्त लागलं ते वेगळंच. त्या रात्री त्याचा वरचा षड्ज उतरला होता. मामांना कळलं, पेटीवाल्याला कळलं, पुढच्या रांगेलाही कळलं. टाळ्या मात्र सगळ्यांनी वाजवल्या, मीसुद्धा. मामांना विचारलं तर म्हणाले, "आता त्याला सांगणारा मी कोण?"

म्हणजे तो बदलला, आणि भोवतीचे आपणही बदललो. त्याला चूक सांगणारा माणूस गेला. पुन्हा सांगतो, चूक सांगणारा माणूस गेला.

पैशाचंही तेच. अमेरिकेतल्या पॉल पिफ या मानसशास्त्रज्ञानं व्यापारासारख्या खेळात नाणं उडवून एका खेळाडूला दुप्पट पैसे दिले. थोड्याच वेळात असे खेळाडू सोंगट्या आपटू लागले. जिंकल्यावर आपण कसे खेळलो तेच सांगत बसले, नाणेफेक विसरूनच गेले.

याउलट आपल्या केरीच्या गायिका केसरबाई केरकर. १९२१ पासून त्या थोर गवई अल्लादिया खाँसाहेबांकडे गाणं शिकत होत्या. पुढे देशभर नाव झालं, तरी १९४६ मध्ये खाँसाहेब जाईपर्यंत त्यांचं शिकणं चालूच होतं.

मामा, तुम्ही ऐकत असाल तर यंदा तालमीला त्याला बोलवा. षड्ज उतरला की ठेका थांबवा. नमस्कार.