फुगा आटला नाही, माप हललं

नमस्कार श्रोतेहो.

माझे भावोजी फोंड्याला राहतात. वय अडुसष्ट, जन्मभर सिगारेट ओढलेली. दोन वर्षांपूर्वी मुतखड्याच्या संशयानं सोनोग्राफी केली. खडा नव्हताच, पण पोटातली महाधमनी फुगलेली दिसली, ४.१ सेंटिमीटर. एरवी ती साधारण २ सेंटिमीटर असते, ३ झाली की डॉक्टर तिला अ‍ॅन्युरिझम म्हणतात. दुखत नाही, खुपत नाही. फुटली तर मात्र कितीतरी माणसं हॉस्पिटलपर्यंत पोचतही नाहीत.

गेल्या वर्षी माप आलं ४.४. घरात कुणाच्या घशाखाली घास उतरेना. यंदा ४.२ आलं आणि ताईनं मंगेशीला जाऊन अभिषेक केला. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलेला माणूस, मला गप्प बसवेना. म्हटलं, ताई, फुगा आटला नाही, माप हललं.

तिचा विश्वास बसेना, म्हणून विळीवर तवशी, म्हणजे काकडी, घेतली. एक चकती सरळ कापली, एक तिरकी. तिरकी रुंद निघाली, तवशी तीच! सोनोग्राफीचा हात जरा कलला की हेच होतं. दोन मापांत दोन-चार मिलिमीटरचा फरक सहज पडतो, आणि धमनीची वर्षाची सरासरी वाढच मुळी दोन-तीन मिलिमीटर. वाढीएवढीच चूक! अशा वेळी तीन आकड्यांवरून एका माणसाचं भविष्य सांगणं म्हणजे ज्योतिषच.

भावोजींच्या तीन आकड्यांतून सरळ रेघ ओढली तर वाढ येते वर्षाला अर्धा मिलिमीटर. ऐकायला गोड. पण संख्याशास्त्रातलं मिक्स्ड मॉडेल एकट्याचं ऐकत नाही. हजारो रुग्णांची मापं ते एकत्र पाहतं. प्रत्येकाला स्वतःची रेघ देतं, पण ज्याची मापं थोडी त्याची रेघ समूहाच्या सरासरीकडे ओढतं. मापांची संख्या वाढत गेली की त्याचं स्वतःचं म्हणणं जास्त ऐकतं. अशा मॉडेलांतूनच कळलं की ३ सेंटिमीटरची धमनी वर्षाला साधारण १.३ मिलिमीटर वाढते, तर ५ सेंटिमीटरची ३.६. मोठा फुगा जास्त वेगानं फुगतो. भावोजींचा अर्धा मिलिमीटर मॉडेल वर ओढणार, हे उघड आहे.

आणखी एक गोम आहे. पुरुषाची धमनी ५.५ ला पोचली की सहसा ऑपरेशनचा विचार होतो. ऑपरेशन झालं की तो माणूस मापांच्या वहीतून गेला! मागे उरतात ते सावकाश वाढणारे. नुसत्या उरलेल्यांची सरासरी काढाल तर रोग आहे त्याहून गरीब दिसेल. म्हणून गेलेला का गेला, याचाही हिशेब मॉडेलात धरावा लागतो. मला स्वतःला या विषयातला हाच भाग सगळ्यात नाजूक वाटतो.

सिगारेटनं वाढीचा वेग चढतो, हे या हिशेबांत पुन्हा पुन्हा दिसलं, भावोजींनी सोडली. आणि मधुमेह असलेल्यांची धमनी सावकाश फुगते, हेही दिसलं. ते मी त्यांच्यासमोर बोलायला नको होतं. त्यांना मधुमेह आहे. चवथीच्या नेवऱ्यांचा, म्हणजे गोड करंज्यांचा, डबा ताईनं फडताळावर चढवला, तेव्हा भावोजी म्हणाले, ‘‘अगो, तुझ्याच भावाचं शास्त्र सांगतंय!’’

डबा अजून वरच आहे. नमस्कार.