मांजराचं तोंड उघडत नाहीये
आपल्या मुंबईत ग्रिल नसलेली बाल्कनी, समोर कबूतर, आणि मांजर खाली, हे सतत चाललेलं असतं. पण ती वाचतात बरं का, न्यूयॉर्कमध्ये इमारतींवरून पडलेल्या 132 मांजरांचा अभ्यास 1987 मध्ये आला होता, उपचार मिळालेल्यातली 90 टक्के जगली. म्हणूनच पुढचं बघायला हवं. पडलं की सगळे पाय चेक करतात, जबडा राहून जातो. हनुवटी आपटली की दणका थेट कानापुढच्या सांध्यात जातो, आणि तिथलं फ्रॅक्चर एक्स-रेत बाकीच्या हाडांमध्ये लपून बसतं. मी सीटी स्कॅनचा आग्रह धरतो तो यासाठी, महाग आहे माहितीये मला, पण त्याशिवाय नेमकं कुठे कापायचं तेच कळत नाही.

सांधा नुसता निखळलाय, फ्रॅक्चर नाही आणि केस ताजी आहे, तर कापायचंच नाही. भूल द्यायची, मागच्या दाढांमध्ये पेन्सिल आडवी धरायची, पुढून तोंड मिटवत जबडा मागे ढकलायचा, की बसतो जागेवर. घरी प्लीज ट्राय करू नका.

खरा त्रास नंतरचा. लहान पिल्लांमध्ये जखम भरताना हाडाला हाड चिकटतं, तोंड हळूहळू बंद होत जातं. मोठ्या मांजराचं तोंड भुलीत साधारण 6 सेंटीमीटर उघडतं, यांचं जेमतेम काही मिलिमीटर. चिकनचं पाणी चाटून संपवतं, तुकडे तसेच ताटलीत, आणि घरचे म्हणतात नखरे करतंय. असा जबडा जोर लावून उघडायचा नाही, मोडतो. ऑपरेशनमध्ये कानापुढे चीर घेऊन सांध्याचं डोकं आणि चिकटलेलं हाड काढतात, मध्ये मोकळी जागा ठेवतात. पापणी मिटवणारी नस तिथूनच जाते, त्यामुळे हात जपून चालवावा लागतो. सांध्याशिवाय मांजर खातं कसं, हे सगळे विचारतात, तर स्नायू जबडा छान सांभाळून घेतात. हाड परत वाढू शकतं मात्र, म्हणून नंतर खेळणं चावायला देऊन तोंड हलतं ठेवायचं. आणि भूल देणारा डॉक्टर अनुभवीच हवा, तोंडच उघडत नाही तर श्वासाची नळी घालणार कुठून, वेळ आली तर गळ्यातून घालायची तयारी आधीच लागते.

पर्शियनवाल्यांनो, तुमच्याकडे उलटं होतं, जांभई दिली आणि तोंड उघडंच राहिलं. खालच्या जबड्याचं वरचं टोक गालाच्या हाडाबाहेर अडकतं. डॉक्टर भूल देऊन तोंड आधी आणखी उघडतात, मग सोडवून मिटवतात. वारंवार झालं तर ते टोक किंवा गालाचं थोडं हाड कापतात, बहुतेक मांजरांना कायमचा आराम पडतो.

या सगळ्यात मांजर उपाशी ठेवू नका, काही दिवस पोटात गेलं नाही तर लिव्हरमध्ये चरबी साचते आणि त्यानेच ते दगावतं. मानेतून अन्ननलिकेत फीडिंग ट्यूब घालता येते, लोक बघून घाबरतात, पण मांजर ती घेऊन घरभर फिरतं, आणि ट्यूब काढली की भोक बिनटाक्याचं आपोआप भरतं.